आईने शिवलेली पाठ

माझ्या अंगावरचे कपडे पहिल्यापासून आईनेच शिवले, पण मी तेरा वर्षांची झाल्यापासून तिने माझं माप म्हणून कधी घेतलं नाही. मापाची फीत तिच्या गळ्यात दिवसभर असायची, आंघोळीला जातानाच काय ती खुंटीवर जायची. अर्ध्या मलकापुरातल्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती. माहेरी जाऊन कोण किती सुटली, हे त्या बाईच्या नवऱ्याआधी माझ्या आईला कळायचं. माझ्याकडे मात्र ती नुसती पाहायची. भाकरी थापताना, नाहीतर सुईत दोरा ओवताना मान वर करून एकदा डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवायची, की दुसऱ्या दिवशी ड्रेस तयार. तो अंगावर असा बसायचा, की शाळेतल्या मुली शिवण चिमटीत धरून पाहायच्या. मला त्याचा केवढा तोरा होता. आपली आई आपल्याला न मोजता ओळखते, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि हे कळायला माझी कंबर धरावी लागली.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत आईची पायमशीन, कापड बेतायला एक लांब फळी आणि येणाऱ्या बायकांसाठी सतरंजी. मागच्या खोलीत चूल, आम्ही तिघं आणि उरलेला सगळा संसार. घरामागे थोड्या अंतरावर रेल्वे. मालगाडी जायला लागली की मशीनवरची रिळं थरथरायची, आई बोलता बोलता थांबायची आणि शेवटचा डबा गेला की सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायची. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये होते, रुईच्या गाठी बांधायच्या कामावर. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं झालेलं असे, आणि आई म्हणायची, आला माझा म्हातारा. हंगामात आमच्या गल्लीत रुईचे पुंजके उडत राहायचे, ताट झाकून ठेवल्याशिवाय पाणी घ्यायलाही उठता यायचं नाही. ताटात बहुतेक दिवस कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. रविवारी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मशीन थांबली की जेवायची वेळ झाली असं समजायचं, घड्याळाकडे पाहायची गरज नव्हती. लगनसराईत ती थांबतच नसे. मग मी आणि बाबा आपापलं वाढून घ्यायचो.

तेराव्या वर्षी मी वाढायला लागले ती थांबेचना. वर्गातल्या मुलांच्याही वर माझं डोकं गेलं. गल्लीतली पोरं मला शिडी म्हणायची. आमची आत्या डोणगावला असायची, ती वर्षातून दोनदा यायची आणि उंबऱ्यातूनच सुरू व्हायची, की इतक्या उंच पोट्टीले नवरा काय ताडावरून उतरवाचा? लोक हसायचे, मीही हसायचे, आणि हसता हसता जरा खाली यायचे. कोणी सांगितलं नव्हतं, मीच शिकले. मान पुढे, खांदे आत, छाती पोटात घातल्यासारखी, आणि एक गुडघा वाकवून उभं राहायचं. दोन-तीन इंच सहज वाचायचे. शाळेच्या फोटोत मी मागच्या रांगेत आहे आणि तरीही वाकले आहे. तो फोटो परवा नातीने पाहिला. ती म्हणाली, आजी, तू यात मोबाईल बघते आहेस का? मी म्हटलं, हो गं, तेव्हाचा होता एक.

मजा अशी, की उंच दिसले तर बोलणी बसत आणि वाकले तरीही बसत. तीच आत्या जेवायला बसल्यावर म्हणायची, म्हातारीवानी कुबड काऊन काढते, ताठ बस. मी ताठ बसायचे. दोन घास खाल्ले की पुन्हा होते तिथे. या सगळ्यात एकच माणूस मला कधी काही बोललं नाही, ती आई. वाक म्हणाली नाही, वाकू नको म्हणाली नाही. तिच्याजवळ मशीनपाशी जाऊन बसलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. आई रंगांप्रमाणे चिंध्या वेगळ्या करायला द्यायची आणि आपलं काम करत राहायची. तिची ती गप्प राहण्याची माया मला तेव्हा जगातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटायची, आणि अजूनही फार छोटी वाटत नाही.

दहावीनंतर मी आय.टी.आय.ला ड्राफ्ट्समनच्या, म्हणजे नकाशे काढायच्या वर्गात गेले. मुली आम्ही तिघीच. बाबांना हे शिक्षण म्हणजे नक्की काय ते कळलं नव्हतं, पण पोरगी सरळ रेघ मारायला शिकते आहे यात वाईट काय, असं ते म्हणत. मला तर तिथे पहिल्या दिवशीच करमलं. मोठा तिरका बोर्ड, त्यावर चारी कोपऱ्यांना चिकटवलेला पांढरा कागद, टी-स्क्वेअर, म्हणजे इंग्रजी टीसारखी ती मोठी पट्टी, सरकवल्यावर येणारा तो बारीक आवाज. पेन्सिलीला कसं टोक काढायचं यावर सरांनी अख्खा दिवस घालवला होता, आणि मला तो दिवस कमी पडला. एका घराचा नकाशा पूर्ण केला तेव्हा त्या घरात राहायला जावंसं वाटलं. पुढे पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून, नकाशांच्या नकला काढत, माझी सगळी नोकरी अशाच बोर्डापुढे उभी राहून गेली. लोक विचारतात, कंटाळा नाही आला? मी म्हणते, तुम्हाला श्वास घ्यायचा आला का?

पण तो बोर्ड उभ्याने वापरायचा. रोज चार-चार तास. दिवाळीपर्यंत कसंबसं गेलं. मग कंबर दुखायला लागली, आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी उठतानाच. दुखणं वर सरकून दोन खांद्यांच्या मधे बसायचं आणि तिथे कोणी अंगठा रोवून ठेवावा तसं राहायचं. मी कोणाला बोलले नाही. एका सकाळी खाली पडलेला खोडरबर उचलायला वाकले आणि वर येताच येईना. दोघी मैत्रिणींनी धरून मला सायकलरिक्षात घातलं. आईने मशीनवरून उठून दार उघडलं, आणि मला रिक्षात आडवी झालेली पाहून तिच्या हातातली कात्री खाली पडली.

डॉक्टरांनी नीट तपासलं. हाडात काही नाही, म्हणाले, स्नायू आवळून बसलेत. गोळ्या दिल्या, कमरेचा पट्टा दिला, आठ दिवस आराम सांगितला. आठाचे वीस झाले. पट्टा बांधला की बरं वाटायचं, सोडला की जैसे थे. मग बाबांनी आपलं औषध काढलं. त्यांच्या मते सगळा दोष माझ्या वाकण्याचा होता, आणि हे काही चूक नव्हतं. त्यांनी एक बांबूची काठी आणली, ती पाठीमागून माझ्या दोन्ही कोपरांत अडकवली आणि तसं सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास उभं राहायला सांगितलं. मी राहायचे. दात आवळलेले, पोट आत, श्वास कुठेतरी गळ्यापाशी अडकलेला. काठी काढली की अंग असं भरून यायचं की रडू यायचं. पण ताठ तर राहायलाच हवं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी.

अशात वर्गातले सर घरी आले. चांगला माणूस, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायले. ते म्हणाले, नकाशांच्या सहा शीट राहिल्यात आणि उन्हाळ्यात प्रॅक्टिकल आहे. पंधरा दिवसांत आली नाही तर हिचं नाव कमी करावं लागेल आणि पुढच्या वर्षी जागा मिळेलच असं मी सांगू शकत नाही. ते गेल्यावर बाबा बराच वेळ मिशीतली रुई काढत बसले. मग आईला म्हणाले, जाऊ दे, तुह्याजवळ शिवण शिकन, ते तं बसून करायचं काम हाये. आईने सुईत दोरा ओवला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. शिवणाला मी कमी लेखत नव्हते, पण तो पांढरा कागद आता दुसऱ्या कोणाचा होणार, या विचाराने माझं काळीज तुटत होतं. बोर्ड गेला तर माझं काही उरत नाही, असं मला त्या वयात वाटलं, आणि आज विचार करते तेव्हा वाटतं की ते बरोबरच होतं.

गोदामावशी त्याच आठवड्यात आमच्याकडे येऊ लागली. नात्याची नव्हे. बाळंतिणींना तेल लावणं, शेक देणं, बाळांना न्हाऊ घालणं हे तिचं काम. शेजारची लेक बाळंतपणाला आली ती अजून माहेरीच होती, तिचं आणि बाळाचं आटपलं की गोदामावशी चहाला आईजवळ टेकायची. पहिल्याच दिवशी तिने मला त्या काठीत अडकलेली पाहिली. चहा बशीत ओतून फुंकत ती माझ्याकडे बघत राहिली आणि आईला म्हणाली, पारबते, काठीच उभी करायची असन तं काठीलेच पाठव ना शाळेत, या पोरीले कायले तरास? बाबा घरी नव्हते, म्हणून मला हसू आलं. हसल्याबरोबर कमरेत कळ उठली.

तिने काठी काढून कोपऱ्यात ठेवली. भुईवर गोधडी अंथरायला लावली, मला उताणी निजवलं, गुडघे वर करून पावलं जमिनीला टेकवली, डोक्याखाली आईच्या चिंध्यांची घडी ठेवली. मला वाटलं आता ही तेल लावणार, दाबणार, कडाकडा मोडणार. तिने काही केलं नाही. शेजारी मांडी घालून बसली आणि चहा संपवू लागली.

“कुठं कुठं भुई लागते तुले, ते सांग,” ती म्हणाली.

मी सांगितलं, टाचा लागतात, डोकं लागतं, खांद्याची हाडं लागतात, कमरेखालून हात जाईल इतकी पोकळी आहे. आणि ती पोकळी भरायला मी जोर लावून कंबर खाली दाबली. तिने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

“दाबू नको वं. लागत नाही तं लागत नाही. तू फक्त पाह्य. भुई कुठी पळून चालली?”

एवढंच. रोज पंधरा-वीस मिनिटं, सकाळी आणि दुपारी. कधी तिचा हात माझ्या कपाळावर असायचा, कधी पोटावर, पण हात काही करत नसे, नुसता ठेवलेला असे. ती मधूनमधून विचारायची. जबडा काऊन आवळला? ज्याच्याशी भांडण हाये तो तं घरात नाही. मूठ कोणासाठी झाकून ठेवली? मग मला कळायचं की हो, मूठ झाकलेली आहे. ती सोड म्हणत नसे. कळलं की ती आपोआप सुटायची, हे मला फार नवल वाटलं. चार-पाच दिवसांनी कधीतरी मालगाडी गेली आणि तिची थरथर मला कमरेत जाणवली, म्हणजे कंबर भुईला टेकली होती आणि मला पत्ताही नव्हता. मी हे गोदामावशीला सांगितलं तर ती म्हणाली, हाव, अशीच येते ते. बलावलं की येत नाही.

एकदा ती शेजारचं बाळ घेऊन आली. सात-आठ महिन्यांचं, म्हणजे बाळंतीण एव्हाना कधीच सासरी जायला हवी होती, पण तो वेगळा किस्सा. बाळ सतरंजीवर बसवलं. ते बसलं, मान आपली वर, पाठ सरळ, हातात रिकामं रीळ. गोदामावशी म्हणाली, याले कोणी सांगतलं, ताठ बस म्हणून? अन् हे काही जोर करून राह्यलं का? तू बी अशीच बसत होती. मंग लोकायचं ऐकून शहाणी झाली. मी त्या बाळाकडे इतका वेळ पाहत राहिले की ते घाबरून रडायला लागलं. आज माझी सून पाठीसाठी मोबाईलवर बघून व्यायाम करते, चांगले असतात ते, मीही तिच्याबरोबर हातपाय हलवते. पण त्यातली बाई सारखी सांगते, खांदे मागे, पोट आत. मला प्रत्येक वेळी त्या रिळवाल्या बाळाची आठवण येते.

दहाव्या-अकराव्या दिवशी मी पट्ट्याशिवाय घरभर फिरू लागले. गोदामावशीने उभं राहायलाही तसंच शिकवलं. तळव्यांखाली जमीन आहे ना, ती पाह्य. गुडघ्याले कुलूप लावू नको. मानेले कोणी धरलं नाही, मंग तू काऊन धरून ठेवली? मी आमच्या दोन खोल्यांच्या मधल्या दारापाशी उभी होते. आई मशीनवर होती. मी काही केलं नाही, नुसती मान सोडली, आणि डोकं आपलं वर गेलं. सावकाश, कोणी न ओढता. खांदे बाजूला पसरले. श्वास पार खाली गेला. मला इतकं हलकं वाटलं की मी घाबरलेच. आणि तेवढ्यात गळ्याला फास बसावा तसा कमीजचा गळा आवळला. काखेत शिवण रुतली, पुढचा घेर वर उचलला गेला, आणि पाठीवर कापडाचा हा एवढा झोळ पडला. मी पटकन पुन्हा वाकले. कमीज लगेच नीट बसली. अगदी बेतशीर.

गोदामावशीने ते पाहिलं. उठून माझ्यामागे आली, म्हणाली, हो बरं पुन्हा उभी. मी झाले. तिने माझ्या पाठीवरचं जास्तीचं कापड मुठीत धरलं. पूर्ण मूठ भरली.

“हे काय शिवलं वं, पारबते?”

मशीन थांबली. आई उठली नाही. त्या मुठीकडे बघत राहिली. शिवणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गरजच नव्हती. वाकलेल्या अंगाला पाठ लांब आणि रुंद लागते, पुढचा भाग आखूड आणि अरुंद, खांद्याची शिवण पुढे सरकवावी लागते. पोक आलेल्या म्हाताऱ्यांसाठी ती असं कापायची आणि त्या म्हाताऱ्या खूश व्हायच्या, कारण पोक दिसायचंच नाही. मी तेरा वर्षांची असल्यापासून ती माझ्यासाठी तसंच कापत आली होती. दर वर्षी मी थोडी जास्त वाकायचे, ती नजरेने ओळखायची आणि पाठ बोटभर वाढवायची. म्हणून ते कपडे इतके छान बसायचे. मी जरा सरळ झाले की गळ्याला टोचायचं, वाकले की मोकळं वाटायचं. तीन-चार वर्षं मी त्या कपड्यांत राहिले होते.

“लोकं तुले बोलत होते,” आई म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती मशीनच्या चाकाकडे. “उभी राह्यली तं बोलत, वाकली तं बोलत. मी म्हटलं, कपड्यात तं दिसू नये. माह्या हातात तेवढंच होतं.”

आणि मी तिला म्हणाले, “तूच मले वाकवून ठेवलं.”

गोदामावशी म्हणाली की पोरी, वाकली तू, तिनं निस्तं झाकलं. पण मला ते ऐकायचं नव्हतं. महिनाभराचं दुखणं, सरांचं बोलणं, शिडी, ताड, सगळं मी त्या एका वाक्यात आईच्या पदरात टाकलं. आयुष्यात मी पुष्कळांना पुष्कळ बोलले आहे, माझी जीभ काही गरीब नाही, आणि बहुतेक बोलल्याचं मला वाईटही वाटत नाही. हे एक वाक्य मात्र परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं. आई उठून चुलीकडे गेली. त्या संध्याकाळी मशीन चालली नाही. बाबा आले, त्यांनी दोघींची तोंडं पाहिली आणि भुवया न पुसताच जेवायला बसले.

सकाळी मी उठले तेव्हा आईने माझे सगळे ड्रेस फळीवर मांडले होते आणि ती एकेक उसवत होती. तिने मान वर न करता मला पुढे ये म्हटलं. गळ्यातली फीत काढली. तिच्याकडे येणाऱ्या बायका माप देताना पोट आत ओढून, श्वास धरून उभ्या राहायच्या. आई घाई करायची नाही, त्यांना सासरच्या गोष्टींत गुंतवायची आणि श्वास सुटला की हळूच फीत आवळायची. धरलेल्या श्वासाचं माप घेतलं तर कपडा पहिल्याच जेवणाला फाटतो, असं ती म्हणायची. आता मी तिच्यापुढे तशीच श्वास धरून उभी होते.

“कशी उभी राहू?” मी विचारलं.

“मले काय विचारते? तुले राहावं वाटते तशी.”

मी तळव्यांखालची जमीन पाहिली. जबडा आवळलेला होता, तो मला कळला. मग मान सुटली. आई फीत घेऊन मागे गेली, मानेच्या हाडापाशी तिचा हात आला आणि तिथेच थांबला, कारण तो नीट पोचत नव्हता. तिने टाचा उचलल्या, तरी नाही. मग ती मागच्या खोलीतून जेवायचा पाट घेऊन आली, माझ्यामागे ठेवला आणि त्यावर चढली. तिचा श्वास माझ्या मानेवर लागला.

“मले माहीतच नव्हतं वं,” ती म्हणाली, “तू इतकी झाली.”

मी वळले नाही. वळले असते तर ती रडतेय हे मला दिसलं असतं आणि तिला ते चाललं नसतं. तिने खांदे मोजले, पाठ मोजली, पुढे येऊन गळ्यापासून कमरेपर्यंत मोजलं. फीत जुन्या कमीजवर ठेवून पाहिली. पुढचा भाग चार बोटं कमी होता. पाठीचं कापड काढून टाकता येत होतं, पण पुढे वाढवायचं कुठून? कापलेलं कापड काही वाढत नाही. आय.टी.आय.चा आकाशी रंगाचा ड्रेस होता आणि त्या रंगाची चिंधीही उरली नव्हती, नवं कापड यायला आठवडा गेला असता, आणि सरांनी दिलेल्या मुदतीतले चारच दिवस उरले होते. आईने चिंध्यांच्या गाठोड्यातून कोणाच्या तरी ब्लाऊजची उरलेली डाळिंबी पट्टी काढली. कमीज छातीच्या वर आडवी कापली आणि मधे ती चार बोटांची पट्टी जोडली. माझी आई अशी, की एका इंचाचा जोड आला तर तो काखेत लपवायची आणि वर इस्त्री फिरवायची. ही पट्टी समोर, छातीवर, लांबून दिसेल अशी होती.

“जोड दिसते आई,” मी म्हटलं.

“दिसू दे. चूक माही हाये, तुह्या पाठीची नाही.”

मी तो ड्रेस घालून गेले. मैत्रिणींना ती नवी फॅशन वाटली. महिन्याभरात आमच्या गल्लीतल्या दोघी तशी पट्टी लावून द्या म्हणून आल्या. आईने त्यांना सरळ सांगितलं की ते फॅशन नाही, दुरुस्ती आहे, पण त्यांना पटलं नाही. शेवटी तिने शिवून दिली.

सहा शीट पूर्ण झाल्या. दुखणं एकदम गेलं असं कोणी समजू नये. ते यायचं, जायचं, अजूनही थंडीत एखाद्या सकाळी येऊन चौकशी करून जातं. फरक इतकाच पडला, की ते यायच्या आधी मला माझी मूठ, माझा जबडा, धरलेला श्वास दिसू लागला. जेवणाच्या सुट्टीत मी वर्गाच्या व्हरांड्यात ओढणी अंथरून गुडघे वर करून पडायचे. मुलं हसायची. एकदा सर तिथून गेले, थांबले, आणि हसणाऱ्यांना म्हणाले, जिन्याने जा रे पलीकडच्या. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. पुढे नोकरीतही मी हेच केलं, नकाशांच्या कपाटामागे, आणि तिथेही लोक हसले. माझ्यानंतर बोर्डावर आलेल्या दोन पोरी आता तशाच पडतात असं ऐकते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी चार तास उभी होते. एका दवाखान्याच्या इमारतीचा नकाशा होता. तिसऱ्या तासाला कमरेत हाक आली, मी पेन्सिल खाली ठेवली, तळव्यांखाली फरशी आहे हे पाहिलं, आणि पुन्हा उचलली. शेवटची रेघ मारून घरी आले तेव्हा भर दुपार होती आणि लगनसराई ऐन भरात. आई ब्लाऊजांच्या ढिगाआड मशीनवर वाकलेली होती. पेपर कसा गेला, नाव राहिलं का, सर काय म्हणाले, यातलं तिने काहीच विचारलं नाही.

“दुखलं?” ती म्हणाली.

“नाही.”

तिने पायडलवरचे पाय काढले. हातातला दोरा तोडला. पहिल्यांदाच मी तिची पाठ नीट पाहिली, मशीनच्या अंगाने वळलेली, डावा खांदा खाली गेलेला, आणि मला वाटलं की हिचे कपडे कोण बेतत असेल? ती म्हणाली, मंग मी जराशी पडतो. आमच्याकडे बायकाही पडतो, जातो असंच म्हणतात, बदलीवर आलेली पुण्याची माणसं त्याला हसायची. मी माझी गोधडी अंथरली, चिंध्यांची घडी करून तिच्या डोक्याखाली ठेवली. ती पडली, मी तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि मला काही विचारायचं सुचायच्या आत तिला झोप लागली. तोंड किंचित उघडं, फीत गळ्यात तशीच.

थोड्या वेळाने दाराशी एक बाई आली. तिच्या भाचीची संध्याकाळी हळद होती आणि ब्लाऊज अजून मिळालं नव्हतं. तिने आत डोकावून पाहायचा प्रयत्न केला, म्हणून मी दारात उभी राहिले. ब्लाऊज तयार होतं, हूक मी लावून देईन, तासाभराने या, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, पण तुही माय कुठी हाये?

मी म्हटलं, “आई झोपली हाये.”

त्या बाईने आत डोकावणं सोडलं. वीस वर्षं ती आमच्या दारात येत होती आणि हे उत्तर तिने कधी ऐकलं नव्हतं. मग तिने चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता पायरी उतरली.